लाल झाकणाची बाटली

इसोजिमा बेटावर उतरून डावीकडे वळलं, की दाराशी चपला फूटपट्टी लावल्यासारख्या मांडलेलं एक घर लागे. तिथे हाक मारली की नोबुए कागेउरा बाहेर येत. वय अडुसष्ट, उंची बेताची, आवाज मात्र समोरच्या बेटावर ऐकू जाईल असा. नवरा शिगेमी संत्र्यांच्या बागेत आणि बाई पाहुण्यांच्या तीन खोल्यांत, अशी संसाराची वाटणी चाळीस वर्षांपूर्वीच झालेली.

पाहुणे यायचे ते 'ताई' नावाच्या माशाच्या भातासाठी. हा भात सासूबाईंनी शिकवलेला, असं बाई प्रत्येकाला सांगत. पहाटे उठून समुद्रशेवाळ आणि सुकी मासळी मंद आचेवर ठेवावी लागते, घाई केली की सगळं मातीमोल, हेही सांगत. एवढं ऐकल्यावर पाहुणे पहिला घास डोळे मिटून घेत.

खरी गोष्ट अशी, की सासूबाई गेल्या त्याच्या दुसऱ्याच वर्षी नोबुएबाईंचा गुडघा धरला आणि तेव्हापासून तो भात बाटलीतल्या तयार अर्कावर शिजत होता. लाल झाकणाची बाटली, तिच्यावर उडी मारणारा मासा. बेटावर दुकान एकच, फुसाको निनोमियाचं. तिथे ही बाटली मागितली असती तर जेवणवेळेपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून बाई महिन्यातून एकदा बोटीने पलीकडच्या मात्सुयामा शहरात जात, गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगत, आणि येताना टॉवेलात गुंडाळून बाटल्या आणत.

"काय म्हणतो गुडघा?" फुसाको धक्क्यावर हटकायची.

"आहे तस्साच," बाई म्हणायच्या. तेवढं खरं असायचं, कारण डॉक्टरकडे त्या जातच नसत.

नोव्हेंबरात, संत्र्यांच्या तोडणीच्या दिवसांत, तामाकी कुसाका नावाच्या चित्रकार बाईंनी वरची खोली आठवड्यासाठी घेतली. साप्पोरोच्या, पन्नाशीच्या, केस स्वतःच कात्री घेऊन कापलेले. आठ महिने त्या गावोगाव हिंडत होत्या. नोबुएबाईंनी त्यांना टेकडीवरचं देऊळ दाखवलं, सूर्यास्त कुठून चांगला दिसतो ते सांगितलं.

"देवळं आणि सूर्यास्त काढणारे पुष्कळ आहेत हो," तामाकी म्हणाल्या. "मी आपलं रोजचं काढते. फडताळातली भांडी, दोरीवरचे कपडे, बोटीची वाट बघणारी माणसं."

नोबुएबाईंनी हे नवऱ्याला जाऊन सांगितलं. "अहो, दोरीवरचे कपडे काढतात म्हणे. त्यासाठी आठ महिने हिंडताहेत."

"मग माझी ती भोकाची बनियन आत वाळत घाल," शिगेमी म्हणाले आणि पुन्हा संत्री पुसू लागले.

तिसऱ्या दिवशी तामाकींनी वही दाखवायला आणली. नोबुएबाईंनी हात पुसून, चष्मा लावून पानं उलटली आणि एका पानावर त्यांचा हात थांबला. त्यांचंच स्वयंपाकघर. कढया, सुरी, खिडकीतला उजेड सगळं काळ्या शाईत. रंग फक्त एका ठिकाणी, लाल झाकणावर. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: 'सकाळचे सहा. बाई बाटली उलटी धरून शेवटच्या थेंबाची वाट बघत आहेत. घरात दुसरा आवाज नाही.'

"तुम्ही कुठे बसला होतात?" बाईंनी विचारलं.

"मागच्या पायरीवर. घर आपलंच समजा म्हणालात ना तुम्ही."

"म्हणाले खरी." बाईंनी चित्र लांब धरून पाहिलं. "छान आहे. पण तिथे बाटलीऐवजी फुलदाणी शोभेल."

"फुलदाणी नव्हती तिथे."

"उद्या ठेवते."

तामाकी हसल्या. "अहो, ते झाकण काढलं तर चित्रात उरलं काय? आणि गावप्रमुख ओचीसाननी रविवारी बोटीच्या प्रतीक्षागृहात प्रदर्शन ठरवलंय. भिंतीवर बाराच मावतील, म्हणून निवडून लावणार आहे."

बारा हा आकडा नोबुएबाईंच्या डोक्यात पक्का बसला. याहून चांगली बारा चित्रं झाली तर तेरावं आपोआप गळेल. दुसऱ्या दिवसापासून गुडघा विसरून त्या तामाकींना गावभर फिरवू लागल्या. "या इकडून, मागच्या दाराने. पुढच्या दाराने गेलं की माणसं केस विंचरतात," असा सल्लाही त्यांचाच.

त्यातून निघालं ते असं. भटजी र्योकाई यांच्या सकाळच्या मंत्रपठणाने सारं बेट जागं व्हायचं. चित्रात मंत्र टेपरेकॉर्डर म्हणत होता आणि भटजी उशीवर पाय टाकून नखं कापत होते. भटक्या मांजरांना खायला घालू नये, अशी पाटी लावणारे गावप्रमुख ओची त्याच पाटीखाली उकिडवे बसून नऊ मांजरांना सुरमई भरवत होते. आणि 'मला मेलीला काय करायच्यात लोकांच्या उचापती' असं दिवसातून चारदा म्हणणारी फुसाको दुकानाच्या माडीवर दुर्बीण लावून उतारू न्याहाळत होती.

वही कुणालाही दाखवायला तामाकी तयार असत, त्यामुळे शनिवारी नोबुएबाईंच्या दारात रांगच लागली.

आधी ओची आले. "नोबुएसान, तुमचं त्या ऐकतात. ते मांजरांचं जरा... माझी सही आहे हो त्या पाटीवर."

"प्रदर्शन तुम्हीच ठरवलंत ना?"

"तेव्हा मला वाटलं दोरीवरचे कपडे असतील."

मग भटजी आले. टेप आपल्याच आवाजातली आहे, तेव्हा पुण्य काही कमी होत नाही, असं त्यांनी बराच वेळ समजावलं. फुसाको आली ती सरळ आत येऊन बसली. "तूच आणलीस तिला माझ्या माडीवर."

"जिना उघडा होता," नोबुएबाई म्हणाल्या.

सगळ्यांना त्यांनी 'बघते' म्हणून वाटेला लावलं. मनातून त्यांना बरं वाटत होतं. इतकी उत्तम चित्रं असताना एका बाटलीला कोण विचारतंय.

रविवारी सकाळी खात्री करून घ्यायला त्या सगळ्यांच्या आधी प्रतीक्षागृहात पोचल्या, तर भटजी आधीच तिथे. आपल्या चित्राला पाठ लावून, हात जोडून उभे, जणू ध्यानच लागलंय. नोबुएबाईंनी भिंत पाहिली. लाल झाकण मधोमध होतं. त्याही मुकाट्याने पाठ लावून उभ्या राहिल्या. मग ओची आले, मग फुसाको. नऊ वाजेपर्यंत बारा चित्रांसमोर बारा माणसं. मधल्या जागेत बघायला आलेली मंडळी चहाचे पेले घेऊन माणसांकडेच बघत होती.

"इथली माणसं किती रसिक," तामाकी शिगेमींना म्हणाल्या. "चित्राजवळून हलवत नाही त्यांना."

"हो," शिगेमी म्हणाले. त्यांना आपली बनियन कुठे दिसली नव्हती, ते निवांत होते.

दीड तास कुणी जागचं हललं नाही. ओचींना तर स्वागताचं भाषण करायचं होतं, तेही त्यांनी भिंतीला टेकूनच केलं. मग बोटीचा भोंगा झाला. साडेदहाच्या बोटीने नोबुएबाईंचे सहा पाहुणे जेवायला येत होते आणि तांदूळसुद्धा धुतलेले नव्हते. गुडघा ठणकत होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि बाजूला झाल्या.

"बघा आता," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं भात बाटलीवर होतोय. सासूबाईंना मी स्वर्गात गेल्यावर तोंड देईन."

पहिली बोलली ती फुसाको. "हे होय? ते मला माहीत आहे."

"कसं?"

फुसाको बाजूला झाली. सगळ्यांनी तिच्या मागचं चित्र पाहिलं. "दुर्बिणीतून टॉवेलाबाहेर आलेलं झाकण स्वच्छ दिसतं गं."

"आणि वीस वर्षं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू माझ्या दुकानातून बाटली नेली असतीस. मग धक्क्यावर थांबून माझ्याशी दोन शब्द कशाला बोलली असतीस तू?"

यावर नोबुएबाईंनी फुसाकोचा हात धरून तिला आपल्या चित्रापाशी नेलं, ही गोष्ट गावाने नंतर पुष्कळ दिवस सांगितली. ओचींनी घसा खाकरला आणि भिंतीपासून दूर झाले. मांजरांच्या चित्राला सर्वांत जास्त गर्दी झाली. भटजींनी एवढंच विचारलं, की नखं जरा कमी काढता येतील का.

त्या दुपारी पाहुण्यांपुढे भात वाढताना नोबुएबाई सवयीने "हा आमच्या सासूबाईंचा" इथवर बोलून गेल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, "वाडगे सासूबाईंचे आहेत. अर्क बाटलीतला." पाहुण्यांनी घास उघड्या डोळ्यांनी घेतला, दुसऱ्यांदाही मागून घेतला. एकाने बाटलीचं नाव लिहून घेतलं.

तामाकी मंगळवारच्या बोटीने गेल्या. पुढच्या महिन्यात नोबुएबाई मात्सुयामाला गेल्या त्या खरोखरच डॉक्टरकडे. परतताना धक्क्यावर फुसाको उभी होती.

"काय म्हणतो गुडघा?"

"वजन कमी करा म्हणतो," नोबुएबाई म्हणाल्या आणि टेकायला म्हणून तिच्या दुकानाच्या बाकावर बसल्या. बोट निघून गेली तरी बसूनच होत्या.