शेवटच्या पानावरचे आजोबा

माझी नात मला ओळखत नव्हती, आणि याविरुद्ध दाद कोणाकडे मागावी हे मला ठाऊक नव्हते.

एरवी मला ते ठाऊक असते. वैशाली नगरातल्या आमच्या गल्लीतला दिवा बंद पडला की पत्र कोणत्या अभियंत्याला लिहायचे, प्रत कोणाला द्यायची, उत्तर न आल्यास स्मरणपत्र कधी आणि माहिती अधिकाराचा अर्ज कधी, हे मला पाठ आहे. रेल्वेच्या विधी शाखेत माझी उमेदीची वर्षे गेली. भुसावळहून बदली होऊन जयपूरला आलो तो इथेच निवृत्त झालो. अन्यायाला उत्तर लेखी द्यावे, हे एकच तत्त्व मी पाळत आलो आहे. पण दीड वर्षाचे मूल फोनच्या पडद्यावर आपल्याला पाहून आईच्या खांद्यात तोंड खुपसते, तेव्हा स्मरणपत्र कोणाच्या नावे काढायचे?

मुलगी कॅनडात असते. आमचा फोन रविवारी सकाळी होई.

"बघ कोण आहे! आजोबा! हाय कर आजोबांना."

नात क्षणभर पाही आणि दिसेनाशी होई. मग मला त्यांच्या घराचे छत दिसत राही.

"बाबा, तुम्ही ना, थोडं हळू बोला. मतलब, ती घाबरते."

"मी ओरडत नाही. मी स्पष्ट बोलतो."

"तेच तर."

तोडगा मुलीनेच काढला. लहान मुलांसाठी घरच्या माणसांच्या फोटोंची पुस्तके छापून मिळतात. पाने पुठ्ठ्याची, कोपरे गोल, एका पानावर एक चेहरा आणि खाली एक ओळ. मूल रोज ती चाळते आणि चेहरे त्याच्या ओळखीचे होतात.

"थंडीत आम्ही येऊ ना, तोपर्यंत ती तुम्हाला ओळखायला लागेल. जवळ येईल तुमच्या."

"मग तूच बनव."

"आईचे फोटो सगळे तुमच्याकडे आहेत, बाबा."

नातीच्या जन्माच्या चार महिने आधी माझी पत्नी गेली. तिचे फोटो दिवाणखान्यातल्या कपाटात होते आणि ते कपाट मी तोवर उघडले नव्हते. हे मी मुलीला सांगितले नाही. काम स्वीकारतो, एवढेच सांगितले.

पुस्तके छापून देणाऱ्या एका कंपनीच्या संकेतस्थळावर मी बसलो. प्रथम तिच्या सर्व अटी व शर्ती वाचल्या, कागदावर उतरवून घेतल्या आणि त्यांतल्या दोन संदिग्ध कलमांबद्दल खुलासा मागवणारे पत्र पाठवले. मग कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याकडून जुने फोटो संगणकात घालून घेतले. ओळींचे मसुदे मुलीला पाठवले. आजीच्या पानासाठी मी लिहिले होते : "ही तुझ्या आईची आई असून तुझ्या जन्मापूर्वी तिचे निधन झाले."

"बाबा, ही नोटीस आहे का? 'ही आजी.' बस."

तिचे म्हणणे मला मान्य करावे लागले. ही आई. हे बाबा. हे जयपूरचे घर. हा गच्चीवरचा मोर. ही आजी. हे आजोबा. इतक्या थोड्या शब्दांत मी आयुष्यात काही लिहिले नव्हते.

आजीच्या पानाला अकरा दिवस लागले. जयपूरजवळच्या चाकसूला होळीनंतर शीतलामातेची जत्रा भरते. आदल्या दिवशी रांधलेले गार अन्न नैवेद्याला नेतात आणि तेच खातात. गल्लीतल्या बायकांबरोबर ती दरवर्षी जाई आणि शिळ्या पुऱ्यांवरून मी दरवर्षी आरोग्यविषयक आक्षेप नोंदवीत असे. एका वर्षी त्यांची गाडी बिघडली म्हणून मी त्यांना पोहोचवायला गेलो. तेव्हाचा हा फोटो. ती सतरंजीवर बसली आहे, हातात अर्धी पुरी आहे आणि ती मला म्हणते आहे, "आधी खाऊन घ्या. फोटो काय, पळून जातोय?" ओठ त्या वाक्याच्या मध्यावर थांबलेले आहेत. चेहरा मोठा करावा तर पुरी कापली जाई. पुरी ठेवावी तर चेहरा लहान होई. मी ते चित्र रोज जरासे वर सरकवी आणि पुन्हा खाली आणी.

माझ्या स्वतःच्या पानाची अडचण वेगळी होती. घरातले सगळे फोटो मीच काढलेले, त्यामुळे त्यांत मी कुठेच नाही. होते ते ओळखपत्रावरचे, पासावरचे, अर्जावर चिकटवलेले. त्या सर्वांत, नुकतीच एखादी हरकत फेटाळली गेल्यासारखा माझा चेहरा आहे. कंपनीने आपल्या साच्यात प्रत्येक पानावर एक नमुन्याचे चित्र ठेवले होते. आपण ते काढून आपले घालायचे. शेवटच्या पानावर नमुन्याला एक म्हातारे गृहस्थ होते. पांढरी दाढी, निळा स्वेटर, डोळे मिटून हसणारे. स्टुडिओत जाऊन एक बरा फोटो काढून घ्यावा आणि मग यांना हलवावे, असे ठरवून मी त्यांना तिथेच ठेवले.

आमच्या कार्यालयाची ती रीत होती. फाइलीत एखादा कागद यायचा राहिला असेल तर त्याच्या जागी एक कोरे पान लावून त्यावर "कागद नंतर लावावा" असे लिहीत. धोका नसे. अपूर्ण फाइल पुढे जातच नसे. वरचा कोणीतरी लाल शाईने हरकत घेऊन ती परत पाठवी. घरी हे काम पत्नी करी. माझे कोणतेही पत्र टपालात पडण्यापूर्वी ती वाची, पेन्सिलीने एखादा शब्द खोडी आणि म्हणे, "एवढा 'निर्लज्ज' काढा, बाकी जाऊ द्या."

अकराव्या दिवशी दुपारी मी तिचे पान शेवटचे एकदा पाहावे म्हणून उघडले आणि बराच वेळ पाहत बसलो. पुरी पुरती दिसत होती आणि चेहराही. पडद्याच्या तळाशी एक चौकट होती आणि तिच्यासमोर वाक्य होते : मी सर्व पाने पाहिली असून ती मला मान्य आहेत. याच वाक्याच्या बळावर मी उभ्या नोकरीत कितीतरी लोकांचे अर्ज परत पाठवले होते. सही तुमची आहे, मग तक्रार कसली? मी चौकटीत खूण केली. पत्ता मुलीचा दिला. संगणक बंद करून चहा ठेवला.

पुस्तक पोहोचले. मुलगी म्हणाली, "छान झालंय, बाबा. तिला खूप आवडलं," आणि लगेच जयपूरच्या उन्हाचा विषय काढला. माझ्या ते लक्षात यायला हवे होते.

महिन्याभराने एका रविवारी नात पडद्याच्या कडेला जमिनीवर बसली होती. पुढ्यात पुस्तक होते. तिने सारी पाने भराभर उलटून शेवटचे उघडले, वाकली आणि त्यावर ओठ टेकवले.

मी खुर्चीतून अर्धा उठलो. "काय करते ती? पापा घेतला? माझा?"

मुलीने हात लांब करून पुस्तक उचलले.

"अगं, घेतला ना पापा?"

"बाबा, रागावू नका हं," ती म्हणाली आणि तिने ते पान फोनसमोर धरले.

निळ्या स्वेटरातले गृहस्थ डोळे मिटून हसत होते. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते : हे आजोबा.

"किती दिवस चाललंय हे?"

"आलं त्या दिवसापासून."

"आणि तू मला कळवलं नाहीस?"

"तुम्ही लगेच पत्र लिहिलं असतं."

"अर्थात लिहिलं असतं!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

मी पत्र लिहिले. तीन पाने. त्यात 'अक्षम्य' होते, 'तोतया' होते, 'भावनिक हानी' होती. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. आठ दिवसांनी कंपनीतून एका तरुण मुलीचा फोन आला.

"अंकलजी, आपने ही तो अप्रूव किया था।"

"मॅडम, आपने एक अनजान आदमी को मेरी नातिन का नाना बना दिया है!"

"अंकलजी, वो तो हमारे सैंपल वाले हैं। जाते तो सबके यहाँ हैं, पर लोग बदल देते हैं।" मग तिने विचारले, "घर में किसी ने देखा नहीं था, भेजने से पहले?"

मी फोन ठेवला. संध्याकाळी तिने मान्यतेची नोंद पाठवली. माझे नाव, माझी खूण, वेळ दुपारी सव्वातीन. पुरावा निर्विवाद होता. ज्या माणसाने अटींतली कलमे उतरवून काढली, त्याने शेवटचे पान पाहिले नव्हते, आणि तुम्ही ते पाहिले का असे विचारणारे घरात कोणी नव्हते.

पुस्तक पुन्हा छापून देण्याची कंपनीची तयारी होती. पण मुलगी यायला थोडेच दिवस उरले होते, म्हणून मी स्टुडिओत गेलो. "बाबूजी, थोड़ा मुस्कुराइए। थोड़ा और। अच्छा, रहने दीजिए," असे म्हणत स्टुडिओवाल्याने चौथ्या प्रयत्नात एक फोटो काढला. पानाच्या मापाची प्रत करून घेतली. डिंकाची बाटली आणली. पुस्तक येताच त्या गृहस्थांवर मी चिकटायचे, असा निर्णय झाला.

त्या आल्या. दारात नात आईच्या पायाला धरून उभी राहिली.

"अगं, आजोबा! पुस्तकातले आजोबा!"

नातीने पिशवीतून पुस्तक काढायला लावले. शेवटचे पान उघडले. त्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पुस्तक मिटले. सुनावणीशिवाय इतका जलद निकाल मी कोणत्याही न्यायालयात पाहिला नाही. सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसाला म्हणावे तसे ती मला "अंकल" म्हणाली.

"सॉरी, बाबा. ती सगळ्यांनाच म्हणते."

"मी सगळे नाही," मी म्हणालो. फार स्पष्ट बोललो असणार, कारण नात रडू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी प्रवासाच्या शिणाने गाढ झोपली होती. मी मेजाशी बसलो होतो. समोर माझा फोटो आणि डिंक. नात झोपेतून उठून बाहेर आली, तिने घरभर फिरून पाहिले आणि जागे असे माझ्याशिवाय कोणी नाही याची खात्री करून घेतली. मग पुस्तक आणून माझ्या शेजारी ठेवले आणि स्वतः हातभर अंतरावर बसली.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचले. ही आई. हे बाबा. हे जयपूरचे घर. ही आजी. त्या पानावर मी दोन शब्दांवर थांबू शकलो नाही. आजी चाकसूला गेली होती, गार पुरी खात होती, मला रागावत होती, असे सगळे सांगितले. नातीने पुरीवर बोट ठेवले. "पुई," म्हणाली. त्या घरात पत्नीबद्दल मी मोठ्याने बोललो, असे फार दिवसांनी घडले होते.

शेवटचे पान आले. तिने वाकून त्या गृहस्थांचा पापा घेतला आणि मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी काय म्हणतो, याची ती वाट पाहत होती. डिंक हाताशी होता. खोटे विधान दफ्तरी दाखल होत असताना मी कधी गप्प राहिलो नाही.

"हे आजोबा," मी म्हणालो. हळू म्हणालो.

तिने पुस्तक उलटून पुन्हा पहिले पान काढले.

त्या तीन आठवड्यांत आम्ही रोज दुपारी ते पुस्तक वाचले. हातभराचे अंतर वीतभर झाले, त्याहून कमी झाले नाही. मी शेवटपर्यंत अंकलच होतो. विमानतळावर ती पुस्तक छातीशी धरून आत गेली. तिने मागे वळून पाहिले नाही. घरी आलो तर दिवाणखान्यात तिचा एक मोजा पडलेला होता. तो मी टपालाने पाठवणार होतो. अजून पाठवलेला नाही.

कंपनीला मी एक पत्र लिहिले. माझी तक्रार मी मागे घेत आहे. चूक माझी होती. पुस्तक पुन्हा छापू नये. "आपल्या निष्काळजी कार्यपद्धतीबाबत माझे मत मात्र कायम आहे," असेही लिहिले होते. मग पेन्सिल घेतली, 'निष्काळजी' खोडला आणि बाकी जाऊ दिले.

पुढच्या रविवारी फोन लागला तेव्हा मुलगी काही बोलण्याआधीच पडदा काळा झाला. पुठ्ठ्याचे पुस्तक फोनवर दाबून धरलेले होते. मग ते मागे सरले.

"अंकल, वाच."

"अगं, नीट म्हण, आजो..." मुलगी म्हणाली.

"राहू दे," मी म्हणालो.

मी वाचले. आजीच्या पानाशी चाकसूची गोष्ट तिने मला पुढे जाऊ न देता पूर्ण सांगायला लावली. शेवटी निळ्या स्वेटरातल्या गृहस्थांनी माझा सगळा पडदा भरून टाकला. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात माझा चेहरा होता.

"हे आजोबा," मी म्हणालो, आणि तिने पहिले पान काढले.

स्टुडिओतला फोटो फाइलीत आहे. त्याला चिठ्ठी लावून ठेवली आहे : कागद नंतर लावावा.