ताईंची कापडी नळी

ताई गेल्याचा फोन पुसदहून त्यांच्या शेजारणीनं केला, तेव्हा मी मारेगावला भाकरी करत होते. "सकाळी उठल्याच नाहीत," म्हणाली. फोन ठेवला आणि मी तव्यावरची भाकरी उलटली... माणूस किती वेड्यासारखं वागतं! पाच आठवडे झाले, अजून पटत नाही.

नंदाताई माझी मोठी नणंद. पुसदच्या कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवायच्या. गर्भात साध्या नळीतून हृदय कसं घडतं हा त्यांचा लाडका धडा. त्यासाठी लुगड्याचा जुना काठ शिवून, घरचा कापूस भरून त्यांनी हातभर नळी केली होती. पहिल्या वर्षी मुलांकडे तोंड करून त्यांनी ती आपल्या उजवीकडे वळवली, आणि समोर बघणाऱ्या अख्ख्या वर्गानं नळीसारखे गुंडाळून छातीशी धरलेले रुमाल डावीकडे वळवले! तेव्हापासून ते वळण आलं की ताई वर्गाकडे पाठ करून, नळी डोक्यावर धरून उभ्या राहायच्या. मुलं खिदळायची. "हसा लेकहो, पण हृदय बरोबर बाजूले, उजवीकडेच वळू द्या!"

लग्नानंतर सात वर्षांनी मला दिवस गेले. यवतमाळला सोनोग्राफी केली, तर बाळाचा ठोकाच दिसेना. दहा दिवसांनी पुन्हा या म्हणाले. मी तर सगळं संपलं असंच धरून बसले. ताई रजा टाकून आल्या, पिशवीत ती नळी.

"रडून कायले राह्यली? आधी नुसती नळीच असते. गर्भ राहिल्यावर तीन-साडेतीन आठवड्यांत ती धडधडाले लागते. मंग लांब होते, जागा पुरत नाही, म्हणून वळते. तुह्या पाळीचा कधी नेम होता काय? दिवस मोजण्यात चूक झाली असन."

"आणि झाली नसली तर?"

ताईंनी पाठ केली, नळी डोक्यावर धरून हळूच उजवीकडे वळवली आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, शिकवताहेत.

दहाव्या दिवशी पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकलं. परत येताना ऑटोत ताई म्हणाल्या, "माह्यावाल्याचा ठोका दिसलाच नोता." बस, एवढंच. मग ऑटो थांबवून मला उसाचा रस पाजला, स्वतः दोन ग्लास प्यायल्या. त्या रसाइतकी गोड बाई मी दुसरी पाहिली नाही.

ती लुकलुक आता बारावीत आहे. परवा ताईंच्या सामानातून आणलेली नळी घेऊन माझ्यापुढे आली. "आई, आत्या कशी वळवायची?"

मी तिच्याकडे पाठ केली. नळी डोक्यावर धरली. काठाला अजून ताईंच्या खोबरेल तेलाचा वास होता...

"समजलं," मागून लेक म्हणाली. "आता वळ ना इकडे."

"थांब," मी म्हटलं, "अजून शिकवून राह्यली."