दोन खान्यांतली जन्मतारीख

ये, अशी जवळ बस. हे पत्र वाचतानाही पाठीला पोक काढूनच बसली असशील, आधी सरळ हो. परवा फोनवर काय म्हणालीस? "आत्या, आमच्या फॉर्ममधला तो दुसरा खाना काढूनच टाकते. एकदा भरलेलं लोकांना पुन्हा काय भरायला लावायचं!" फॉर्म बनवणारी तू शिकलेली, पण इतकी घाई बरी नव्हे. त्या दुसऱ्या खान्याचं एक प्रकरण माझ्या नोकरीत घडलं, ते अजून मनातून गेलेलं नाही. नावं मात्र विचारू नकोस.

तेव्हा मी संग्रामपूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होते. सकाळची हजेरी आटोपली, तोच बाजारात इंटरनेट सेंटर चालवणारी बाई आली.

"मॅडम, सामूहिक लग्नाचा फॉर्म भराले एक पोरगी येऊन राह्यली चार दिवसांपासून. बाप मागं उभा राहते. जन्मतारीख दोनदा टाका लागते, दोन्ही जुळल्या तरच फॉर्म पुढं जाते. हे वर एक साल टाकते, खाली दुसरं. लाल अक्षरं आली का बाप म्हणते, मशीन बिघडली!"

"चुकत असेल गं."

"दहावीत शाळेतून पहिली आलेली पोरगी हाये मॅडम. रोज तीच चूक?"

स्टेशन डायरीत नोंद केली. लहान मुलीशी बोलताना वर्दी घालायची नाही. म्हणून साडी नेसून, महिला शिपायाला घेऊन सेंटरवर गेले. पोरगी नखं कुरतडत बसली होती.

"बाबा वरचाच खाना पाह्यतात म्हणून तिथं त्यायनं सांगतलेलं टाकते," ती म्हणाली. "खाली तेच खोटं पुन्हा टाकाले हात होत नाही. पण उद्या शेवटचा दिवस हाये. मंग बाबा दुसऱ्या कोणाकडून भरून घेतीन."

बापाला ठाण्यात बोलावलं. शाळेच्या दाखल्यावर वय सोळा होतं.

"मास्तरनं दोन वर्षं कमी लावली, मॅडम. अठरा पुरे झाले तिले."

हे उत्तर आमच्याकडे घरोघर तयार असतं, आणि कधीकधी खरंही असतं. मी वाद घातला नाही. चौकशीत एकच प्रश्न दोनदा विचारायचा, मध्ये चहा पाजायचा, ही माझी जुनी रीत. चहा झाला, वांग्याच्या रोपांच्या गप्पा झाल्या, मग सहज विचारलं, "पोरगी झाली तेव्हा वावरात काय चाललं होतं?"

माणूस एकदम खुलला. "विहीर बांधून राह्यलो होतो! पोरगी झाली अन् तिसऱ्या रोजी काठ पुरा झाला. गवंड्यानं ओल्या सिमिटावर साल कोरलं. लक्ष्मीच आली म्हणे!"

दुपारी बापलेकीला आणि ग्रामसेवकांना घेऊन विहिरीवर गेलो. शेवाळ खरवडलं, साल निघालं. बापाने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा सोळाच. तिथंच काठावर बसला.

"बैमान नाही मी, मॅडम. माय नाही तिले. मी दिवसभर वावरात, पोरगी घरी एकटी. भेलो होतो."

पोरीने त्याला तांब्याभर पाणी आणून दिलं. तो म्हणाला, "काऊन नाही सांगतलं मले, माय?"

"तुम्ही इचारलं कुठं, बाबा? त्या फॉर्मानं दोन डाव इचारलं."

माझ्याजवळ पंचनाम्याचे कागद होते, पण थोडा वेळ मी ते पिशवीतच राहू दिले.

पुढे अठरा पुरी होईपर्यंत लग्न लावणार नाही अशी बापाकडून लेखी हमी घेतली, मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर केलं. वसतिगृहात जागा मिळाली, बापाची भीतीही गेली. आज ती नर्स आहे. तो अजूनही वांगी पाठवतो, पिशवी फाटेल इतकी.

नोकरीभर मी आरोपींना प्रश्न दोनदा विचारले, पण घरच्या माणसांना एकदाच विचारून मोकळी व्हायचे. ती खोड मला त्या विहिरीवर कळली. म्हणून म्हणते, तो खाना राहू दे, पोरी. आणि फोनवर "मी मजेत आहे" म्हणालीस ना, ते मी एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा समोर बसवून विचारायचं आहे. वांगी आली आहेत, भरीत करते. लवकर ये.