विणलेलं कुठं जातं?

वाघमारे जॉबर कॉम्प्युटरपुढे कधी बसले नाहीत. उभ्यानेच टाईप करायचे. इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात चार मशीन होती आणि प्रत्येकापुढे एक खुर्ची, पण त्यांची खुर्ची कायम आल्यागेल्या गिऱ्हाइकाच्याच उपयोगी पडायची. दोन ओळी झाल्या की त्यांची फेरी सुरू. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत जायचं, वाटेत प्रत्येकाच्या पडद्यात डोकवायचं आणि परत यायचं. मी नवीन लागले तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांना मूळव्याध असणार. आमचे मालक अनिलभिया हसून म्हणाले, "बवासीर नी है, मिल है."

मिल बंद होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. वाघमारे तिथे विणाई खात्यात जॉबर होते, म्हणजे रांगेतल्या मागांवर आणि ते चालवणाऱ्या विणकरांवर त्यांची देखरेख असे. उभं आयुष्य मागांच्या मधून चालण्यात गेलं, त्यामुळे पायांना थांबणं ठाऊक नव्हतं. आवाजही तिथलाच. शेकडो मागांच्या खडखडाटावर चढवलेला तो आवाज आमच्या दहा पावलांच्या दुकानात कसा मावणार? फोनवर ते "आपका कार्ड तैयार है" एवढंच म्हणत आणि पलीकडचा माणूस "नाराज क्यों हो रहे हो भिया" असं विचारत असे. त्यांचे वडील महूला फौजेत होते. "घरात शिस्त फौजेची आणि तोंड मिलचं," असं त्यांच्या बायकोचं, शांताकाकूंचं म्हणणं होतं.

त्यांचा एक मंत्र होता. "धागा तुटला? पहिले माग बंद. मग तोंड उघड." त्याचा अर्थ त्यांनी मला हातवारे करून समजावला होता. तुटलेल्या धाग्यावर माग चालत राहिला तर कापडात खोट उतरते. ताबडतोब थांबवला तर काही बिघडत नाही, झालेलं कापड रुळावर गुंडाळलेलं असतंच. धागा जोडायचा आणि तिथूनच पुढे. "विणलेलं कुठं जातं, ताई?" हा त्या मंत्राचा दुसरा भाग. तो ते कुठेही लावत. त्यांची मुलगी बारावीला नापास झाली तेव्हा शांताकाकू रडत होत्या, आणि हे म्हणाले, "अरे, शिकलेलं कुठं जातं?"

मिलबद्दल तर त्यांचा हिशेब अगदी सरळ होता. बंदची नोटीस लागली तेव्हा चालू पाळीतच माग थांबले होते आणि त्यांच्यावरची कापडाची थानं अर्धीच राहिली होती. "मिल उघडली की तिथूनच पुढं," असं ते सांगत. रोज सकाळी मुद्दाम लांबच्या रस्त्याने, मिलच्या फाटकावरून सायकल घालत. फाटकाच्या कुलपाला गंज चढलेला होता. त्याचंही त्यांना काही वाटत नसे. जुन्या कुलपाला तेल घातलं की ते उघडतं, असं त्यांचं मत.

कॉम्प्युटर त्यांनी पन्नाशीत शिकला, तो काळ्या पडद्याचा. पांढरी अक्षरं, इंग्रजीतल्या आज्ञा आणि अमुक कामाला अमुक बटण. अर्थ विचारायचा नाही असं त्यांनी आधीच ठरवलं होतं, सगळं घोकून पाठ केलं. चहा पिताना ओठ हलताना दिसले की समजावं, उजळणी चालू आहे. पान संपलं की एक बटण दाबून ते जपून ठेवायचं, हेही त्या पाठांतरातच आलं होतं. हात आपोआप तिकडे जायचा. त्या काळ्या पडद्याचा त्यांना मनस्वी राग होता. वीज गेली, काना-मात्रा हुकली, गिऱ्हाईक चिडलं, अगदी चष्म्याचा नंबर वाढला तरी शिव्या काळ्या पडद्याला. "नवीन येऊ दे, मग बघा," असं म्हणत ते फेऱ्या घालत.

आणि नवीन आलं. चारही मशीनवर रंगीत चित्रांची ती खिडक्यांवाली सिस्टिम बसली, टेबलावर माऊस आले. ती बसवणाऱ्या इंजिनिअराला वाघमाऱ्यांनी दिवसभर सुखाने श्वास घेऊ दिला नाही. बिजली गेली तर किती वेळ चालेल? चुकीचा शब्द स्वतःच दुरुस्त करेल ना? जुन्या फायली आपोआप इकडे येतील ना? तो पोरगा कंटाळून "हाँ हाँ, सब हो जाएगा" म्हणत राहिला, आणि आमच्या जॉबरांनी ते ब्रह्मवाक्य समजून गाठीला बांधलं. दुसऱ्या दिवशी समोरच्या पोहेवाल्यालाही त्यांनी हात धुवायला लावून दुकानात आणलं. "बघ, आता याद काहीच ठेवायचं नाही. चित्र बघ, बटण दाब, बस."

गंमत म्हणजे नव्याने सगळं बदलून टाकावं आणि तरी आपल्या बोटांखाली जुनंच असावं, असं दोन्ही त्यांना हवं होतं. जुनं बटण दाबून काही झालं नाही की ओरडत, "माझं बटण कुठं ठेवलं यांनी?" उभ्याने माऊस हाकताना तो टेबलाच्या कडेवरून खाली लोंबकळायचा. मी म्हटलं, "जॉबरसाहेब, बसा की आता तरी." तर म्हणाले, "ताई, बसलं की माणसाला झोप येते आणि मागाला कळतं."

पण संध्याकाळी दुकान बंद करताना एक गोष्ट घडली आणि ते अगदी हरखून गेले. फाईल बंद करायला गेले तेव्हा पडद्यावर एक चौकट आली, हे जपून ठेवू का? मी "हो" वर बोट दाखवलं. "म्हणजे ही स्वतः विचारते?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्या दिवसापासून जपून ठेवण्याचं बटण त्यांच्या पाठांतरातून गळालं ते गळालंच. मी चारदा सांगितलं. त्यांनी चारदा मान डोलावली आणि चारदा फेरीला निघून गेले.

मग त्यांनी बाबूलालला आणलं. बाबूलाल त्यांच्याच रांगेतला विणकर. मिल गेल्यापासून कधी हमाली, कधी कुणाच्या लग्नात वाढपी, असं चाललं होतं. किडकिडीत, अबोल माणूस, आणि बोटं मात्र लांबसडक. वाघमारे अनिलभियांना म्हणाले, "काळ्या पडद्याला शिकलेला माणूस लागायचा. नव्याला हात लागतो फक्त. याच्यासारखा हात अख्ख्या इंदुरात नाही." अनिलभिया व्यवहारी, पण मनाने वाईट नव्हते. मराठी समाजाच्या वधूवर मेळाव्याची पुस्तिका आमच्याकडे आली होती. ते म्हणाले, "इसके पन्ने टाइम पे निकल गए तो रख लूँगा. नी निकले तो फिर मेरे को मत बोलना, जॉबरसाब."

बाबूलालची नोकरी त्या पानांवर आली. तो एका बोटाने टाईप करायचा, प्रत्येक अक्षर शोधून, पण चूक नाही. मुलीचं नाव, शिक्षण, उंची, अपेक्षा. जेवायलाही उठत नसे. वाघमारे त्याच्या मागून फेऱ्या घालत, आणि दर फेरीला काही ना काही शिकवत. ते म्हणजे मागाचंच शिकवणं. "नजर कामावर. काही वेगळं दिसलं की पहिले मशीन बंद. मग मला आवाज दे."

पुस्तिका छापायला जाण्याचा दिवस आला. बाबूलाल सकाळपासून शेवटची पानं करत होता. दुपारनंतर मी त्याच्या मशीनला जोडलेल्या प्रिंटरवर काहीतरी काढायला घेतलं, कागद संपला, आणि बाबूलालच्या पडद्यावर 'टुंग' करून एक इंग्रजी चौकट उमटली. कागद भरा, एवढंच ती म्हणत होती. पण बाबूलालला इंग्रजी कुठून यायला? त्याच्या दृष्टीने धागा तुटला होता. त्याने क्षणात हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं, आणि मग हात वर करून हाक मारली, "जॉबरसाब!"

वाघमारे आले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास. ऐसे ही." मला ते ऐकू आलं आणि मी हातातला कागद टाकून तिकडे धावले.

मशीन पुन्हा सुरू केलं. ते बराच वेळ स्वतःशीच काहीतरी तपासत बसलं, मग चित्रं आली. फाईल उघडली तर त्यात कालपर्यंतची पानं होती. आजचं काहीच नव्हतं. वाघमाऱ्यांनी खाली बघितलं, वर बघितलं, दुसरी फाईल उघडली, प्रिंटरच्या मागे हात घालून बघितलं. "असेल, असेल, इथंच असेल," चाललं होतं. बाबूलाल शांतपणे उभा होता. त्याने एकदाच विचारलं, "साब, दिन भर का काम था. गया कहाँ?"

वाघमारे पुन्हा प्रिंटरच्या मागे हात घालून चाचपू लागले.

मी ती पानं पुन्हा टाईप केली. बाबूलालचा अख्खा दिवस माझ्या हातून दिवे लागायच्या आत पुरा झाला, आणि तो बाजूला उभा राहून माझी बोटं बघत होता. ते बघणं मला सहन झालं नाही, म्हणून मी मान वर केलीच नाही. पुस्तिका वेळेवर गेली. अनिलभिया बाबूलालला म्हणाले, "भिया, ये लूम नी है." एवढंच, आणि तेही हळू आवाजात. बाबूलालने वाघमाऱ्यांना हात जोडले. "आपके कहने पे आया था, साब," म्हणाला आणि गेला. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते झोंबलं. पुढे कळलं की तो बेटम्याला सासुरवाडीच्या शेतावर राहायला गेला.

त्यानंतर वाघमारे टाईप करत, फेऱ्याही घालत, पण मंत्र बंद झाला. फेऱ्या मात्र वाढल्या. आता प्रत्येकाच्या पाठीमागे थांबून विचारायचे, "सेव्ह केलं?" मला विचारत, अनिलभियांना विचारत, एकदा लग्नाची पत्रिका घ्यायला आलेल्या मुलीच्या बापालाही विचारलं. आम्ही वैतागायचो. रागावून उत्तर दिलं तरी दहा मिनिटांनी पुन्हा तेच. आपल्या एका चुकीच्या समजुतीपायी दुसऱ्याच्या पोटावर पाय आला, ही टोचणी माणसाला काही बसू देत नव्हती.

मग मिलची यंत्रं भंगारात निघाली. फाटकाचं कुलूप उघडलं, पण ते ट्रक आत जाण्यासाठी. आम्हाला वाटलं, आता जॉबर खचणार. त्या दिवशी ते दुकानात आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आले ते शर्टाला ग्रीसचे डाग, नखांत काळं, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं समाधान. मी विचारलं, "कुठे होतात?" म्हणाले, "बघून आलो, ताई. विणलेलं जात नाही कुठं." आणि एक दिवसाची आणखी सुट्टी मागितली. मी म्हटलं, झालं, पुन्हा यांचं सुरू झालं.

काही वर्षांनी वाघमारे गेले तेव्हा मी ते दुकान सोडून शाळेत नोकरीला लागले होते. झोपेत गेले. चालता-फिरता माणूस म्हणतात तसा, फक्त यांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. पुण्यानुमोदनाला मी त्यांच्या घरी गेले. बुद्धवंदना झाली, लोक उठू लागले, तेव्हा दाराशी बाबूलाल दिसला. पिकलेला, पण बोटं तीच. खांद्यावर करड्या रंगाचं जाडसर कापड, पंच्यासारखं. मी ओळख दिली. तो माझ्या हातांकडे बघून हसला. म्हणाला, "आप तो वो तेज वाली बाई."

मी विचारलं, जॉबरसाहेब पुन्हा कधी भेटले होते का? त्याने खांद्यावरचं कापड हातात घेतलं.

"बस से बेटमा आए थे. थैली में ये लाए. ऊपर का तो सड़ गया था, चूहे खा गए थे. अंदर का साबुत था. बोले, तेरे ही लूम का है, नंबर देख के उतारा है, भंगारवाले से लड़ के. फिर बोले, बाबूलाल, तूने पूछा था न कि काम कहाँ गया. वो वाला तो मैं नी ला सका. ये ले."

उगीच काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि लगेच परत गेले असतील?"

"नी बाई," बाबूलाल म्हणाला. "खटिया पे बैठे. शाम तक बैठे रिये."