शिट्टी वाजली की थांबायचं

पिप् वाजलं आणि निंबा आबा थांबले. पुन्हा पिप्. आबा जागचे हलेनात.

"आबा, आवाज आला की पाऊल टाकायचं."

आबांनी मान डोलावली. पिप्. पाऊल नाहीच. सलग दुसऱ्या भेटीत हेच चाललं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट. धुळ्यात कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णांवर आमचा एक अभ्यास चालू आहे. या आजारात हात थरथरतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण खरा छळ पायांचा. दारात, वळणावर, गर्दीत चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. याला फ्रीझिंग म्हणतात. पिप्, पिप् असा ठरावीक ठेका कानावर पडला तर पाऊल सुटायला मदत होते. रोज असा सराव केला तर फरक किती टिकतो, ते आम्ही तपासतोय. निम्मे रुग्ण ठेक्यावर चालतात, निम्मे साधा व्यायाम करतात. कोण कुठे, ते कॉम्प्युटर ठरवतो. आबा ठेक्याच्या गटात आले तेव्हा त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, पेढे वाटले होते.

आबांना एकच गोष्ट हवी होती. दोंडाईच्यात चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन पुढे चालायचा मान त्यांचा. मागच्या वर्षी त्यांनी ती मिरवणूक खुर्चीत बसून पाहिली. "औंदा चालसूच," ते पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते. आणि आमच्या ठेक्यानं त्यांचं होतं ते चालणंही बिघडत होतं.

अभ्यासाचे प्रमुख, आमचे सर म्हणाले, "पुढच्या भेटीतही असंच दिसलं, तर त्यांना अभ्यासातून बाहेर काढावं लागेल. नियम आहे."

"सर, माणूस मनापासून करतोय."

"मन मोजायचं स्केल आपल्याकडे नाही."

मला राग आला. सरांचा नाही, आबांच्या पायांचा.

अभ्यासात एक घरभेटही असते. रुग्ण घरात कुठे पडू शकेल ते बघायचं. आबांचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. मी अंगणात चहा घेत होते आणि आबा बऱ्यापैकी चालून दाखवत होते. तेवढ्यात मालगाडीनं शिट्टी दिली. आबा जागीच थांबले आणि हात लांबवून त्यांनी मला मागे ओढलं. अर्धा चहा माझ्या ओढणीवर.

"आबा, गाडी रुळावर आहे. आपण अंगणात."

अक्का हसत सुटल्या. "त्यासनी सवय शे वं ताई. कुकरनी शिट्टी वाजनी तरी थांबतस."

आबा रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत. काम चालू असताना एक जण लांब उभा राहून गाडीवर नजर ठेवतो. त्याची शिट्टी वाजली की रूळ सोडायचा आणि गाडी जाईपर्यंत बाजूला उभं राहायचं.

माझ्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. "आबा, आमचं ते पिप् तुम्हाला शिट्टीसारखं वाटतं?"

"शिट्टीच शे ना ती."

"मग बोलला का नाहीत?"

"डोकाले समजस वं ताई, पाऊल टाकनं शे. पायले कोन समजाडी? बठ्ठी उमर शिट्टीवर थांबनू, म्हनीसन जित्ता शे."

आयुष्यभर शिट्टीवर थांबला म्हणून जो जिवंत राहिला, त्या माणसाला इतके दिवस मी शिट्ट्या मारून चालवत होते. तिथूनच सरांना फोन लावला.

"आवाज बदलता येईल का?"

"प्रोटोकॉलमध्ये काय लिहिलंय?"

"ठेक्याचा वेग लिहिलाय. आवाज कसला, ते नाही."

"मग अभ्यासाच्या समितीला लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत कशालाही हात लावू नका."

उत्तर आलं: वेग तोच ठेवा, आवाज बदला, नोंद करा. कोणता आवाज हवा, हे आबांनीच सांगितलं. रुळांखालच्या आडव्या स्लीपरखाली खडी ठोकायचा. त्यांच्या टोळीतले रशीदभाई पहार घेऊन आले आणि दगडावर ठोकू लागले. मी शेजारी रेकॉर्डिंग करत होते.

"रशीदभाई, जरा हळू."

"ताई, इतना धीरे ठोकता तो मुकादम घर भेज देता!"

सातव्या वेळी वेग जमला.

पुढच्या भेटीत आबांच्या कानातल्या इअरफोनमध्ये खण्, खण्. आबा कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. वळणावर अडखळले, मग सुटले. मी टाळ्या पिटल्या. सरांनी नुसतं "हं" केलं आणि स्वतःचा मोबाइल काढून व्हिडिओ घेतला.

चौदा एप्रिलला मी सुट्टी टाकून दोंडाईच्याला गेले. आबा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हातात झेंडा, कानात खडी. निम्मा रस्ता सुरेख पार पडला. मग गर्दी आवरायला एका कार्यकर्त्यानं जोरात शिट्टी फुंकली. आबा गचकन थांबले. झेंडा थांबला म्हणून मागचे थांबले, त्यांच्या मागचे थांबले, अख्खी मिरवणूक थांबली. रशीदभाईंनी धावत जाऊन कार्यकर्त्याच्या तोंडातली शिट्टी काढली, खिशात घातली आणि आबांच्या कानाशी ओरडले, "निंबा, गाडी गई! चल!"

आबा चालू लागले. चौकापर्यंत. मी रडत होते आणि अक्का मला हसत होत्या.

एका रुग्णावरून काहीच सिद्ध होत नाही, असं सर म्हणतात, आणि ते बरोबर आहे. अभ्यास अजून चालू आहे. पण आबांच्या फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात मी माझ्या हातानं 'निवृत्त' एवढंच लिहिलं होतं. आता कुणी निवृत्त म्हणालं की मी दोन प्रश्न जास्तीचे विचारते. कशातून? आणि पायांना कळवलंय का?