टाकीतला दुसरा श्वास

आमच्या कोपरच्या सोसायटीची सांडपाणी शुद्ध करणारी टाकी दक्षता सांभाळते. ती खाडीकाठच्या कोळी घरातली. ठाण्याला सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि वडील गोपीनाथ एकटे पडले तेव्हा घराजवळचं हे काम धरलं. पाणी शुद्ध करतात ते तपकिरी गाळातले जिवाणू. बादलीभर गाळ आणून तिने ते टाकीभर वाढवले होते.

मे महिन्यात टाकीत हवा सोडणारी मोटर जळली. नवी दोन दिवसांनी येणार होती. आमचे अध्यक्ष रवींद्र म्हणाले, "हवा बंद, म्हणजे सगळं सडणार. टँकर बोलावून गाळ उपसून टाकू."

"काका, उद्या संध्याकाळपर्यंत थांबा ना. टँकर काय पळून चाललाय?"

"वास सुटला तर लोक मलाच पळवतील. बरं, उद्यापर्यंत."

दक्षता नर्सरीतून कॅल्शियम नायट्रेटच्या गोण्या घेऊन आली. ते तर झाडांचं खत. मी विचारलं, "हे जिवाणूंना कशाला गं?"

"श्वासाला, काकू. आपल्या पेशीत श्वासासाठी आत वेगळे कप्पे असतात. यांना ते नाहीत. श्वासाची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, यांच्या पेशीच्या पातळ पडद्यातच बसवलेली. प्राणवायू संपला आणि नायट्रेट मिळालं, की यातले बरेच जण वेगळी विकरं बनवतात आणि प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरतात."

"आधीच बनवून ठेवत नाहीत?"

"हवा आहे तोवर कशाला कष्ट घेतील?"

खत टाकीत पडलं, पण गाळ तळाशी बसू नये म्हणून टाकी ढवळत राहायला हवी होती. गोपीनाथ आपलं जुनं वल्हं घेऊन आले. कठड्याला टेकून ढवळता ढवळता म्हणाले, "होडी विकली, पण हे ठेवलं. मला काय ठाऊक, पोरगी गटारात वल्हवायला लावेल."

"बाबा, बोलू नका, हात चालवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भीतभीतच खाली गेले. कुजका वास नव्हता. गाळ काळा पडला नव्हता. पाण्यावर बारीक बुडबुडे येत होते.

"हा नायट्रोजन," दक्षता हळूच म्हणाली. "नायट्रेट वापरून झालं की हा सुटतो."

कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर जिवाणू म्हणून फळ्यावर खडूचा ठिपका काढायच्या. त्या ठिपक्याला काठ असतो आणि त्या काठात एवढा कारखाना उभा राहतो, हे मी या वयात, बुडबुडे बघत शिकत होते. तिथून हलावंसं वाटेना.

रवींद्र आले, वाकून वास घेतला, पुन्हा घेतला. मग तिथेच उभं राहून त्यांनी टँकरवाल्याला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं.

गोपीनाथ वल्हं मारतच होते.