सेन्योरची सामानापुरती स्पॅनिश

हॉटेलातल्या सामानवाल्याला सगळे ‘सेन्योर’ म्हणत, आणि गडी ते नाव मिरवतही असे. स्पेनहून पर्यटकांचे तांडेच्या तांडे यायचे. त्यांच्या गाईडकडून त्याने चार शब्द उचलले होते. मालेता म्हणजे बॅग, पेसादा म्हणजे जड, आबाहो म्हणजे खाली. बस्स! तेवढ्यावर स्वयंपाकघरात बसून अशा बाता मारायचा की विचारू नका. “स्पॅनिश? अहो, डाव्या हातचा मळ!”

तेव्हा खिशात फोन नव्हते. वरच्या मजल्यावरच्या स्पॅनिश बाईच्या नवऱ्याला छातीत दुखतं म्हणून इस्पितळात नेलं होतं. रात्री तिथे थांबू देत नाहीत, म्हणून बाई खोलीवर परतलेली. सकाळी इस्पितळातून फोन आला. नवरा गेला. गाईड बाकीच्या मंडळींना घेऊन गावाबाहेर.

मॅनेजर म्हणाला, “सेन्योर, तुम्हीच जा. तुम्हाला भाषा येते. नीट सांगा तिला.”

‘येत नाही’ एवढंच म्हणायचं होतं हो! पण इतक्या वर्षांच्या बढाया आड आल्या. गेला वर.

दार उघडलं. बाईचे डोळे रडून सुजलेले. सेन्योर मरणाचा शब्द आणणार कुठून? मग सवयीने व्हायचं तेच झालं. तो हसला, कमरेत वाकला, बॅगेला हात घातला. “मालेता. आबाहो.” खाली नेऊ, पुढचं मॅनेजर बघून घेईल, असा त्याचा हिशेब.

बाईचा चेहरा उजळला. बॅगा खाली, म्हणजे नवऱ्याला सोडलं, म्हणजे आता घरी! ती भराभर बोलत सुटली. नवऱ्याचा धुतलेला शर्ट वेगळा काढून हातावर घेतला, त्याचे बूट पुसले. “नाही हो बाई, तसं नाही,” सेन्योर आपल्याच भाषेत पुटपुटला. ऐकतंय कोण? लिफ्टमध्ये ती चक्क गुणगुणत होती. अशा माणसाला बदडावं की त्याची कीव करावी, देव जाणे.

खाली मॅनेजर आणि इस्पितळातून आलेले डॉक्टर माना खाली घालून उभे. बाईला कळलंय, असंच ते धरून चालले होते. मॅनेजरने पुढे होऊन हळूच तिचा हात हातात घेतला. ती थबकली. दोघांची तोंडं पाहिली. मग गर्रकन सेन्योरकडे वळली आणि विचारू लागली. पुन्हा पुन्हा, दंडाला धरून, गदागदा हलवत. बाकी कुणाकडे बघेचना. आपली भाषा कळणारा तिथे तो एकटाच आहे, असं तिला वाटत होतं.